कात्रीची जागा

९ जानेवारी

भोंग्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. तुझा फोन लागत नाही, लागला तर तू कापतोस. म्हणून मोठ्या वहिनीकडून पत्ता घेतला. तिने लगेच दिला, नवऱ्यासारखी नाही ती. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण शाळेत याच अक्षरातून उतरवून तू पास झालास. तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालायची नाही.

आधी कामाचं. आपण रेकॉर्ड काढतोय. आपण म्हणजे मी, मुका आणि तुझा धाकटा भाऊ. छोटीशी आहे, पाच गाण्यांची. त्यातली चार दुसऱ्यांची, जी पोरवयात माझ्या बापाच्या गॅरेजमध्ये शटर ओढून वाजवायचो तीच. आणि एक आपलं. कुठलं ते तुला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, उगाच पेन मोडायचं माझ्या हातून.

तू म्हणशील, डोक्यावरचे केस गेले आणि आता दुसऱ्यांची गाणी कसली वाजवताय? त्याचं असं आहे की धाकट्याला नवीन काही येत नाही सध्या. गेल्या वर्षी त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. छोटंसंच. बरा आहे. चहा पितो, माझी टवाळी करतो, हात जरा जड आहे इतकंच. पण पंधरा-सोळाव्या वर्षी जे शिकला ते अजून जसंच्या तसं येतं त्याला. मग म्हटलं, जे येतंय ते तरी धरून ठेवू.

जागाही चांगली मिळाली आहे. फर्निचरच्या दुकानावर एक बाई स्टुडिओ चालवते. तिशीतली आहे, कमी बोलते, पण कान पक्का. खाली कपाटांना पॉलिश चाललेलं असतं, त्याचा वास जिन्यातून वर येतो आणि मुक्याला शिंका येतात. मुका अजून बेसच वाजवतो आणि अजून बोलत नाही. शिंकतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात.

आता अडचण ऐक. तुझ्या जागी एक नवा गायक घेतलाय. बँकेत कॅशियर आहे. गळा गोड, वागणं गोड, बूट दाराबाहेर काढून ठेवतो. तीन गाणी नीट बसली. चौथ्याला, त्या आगीवाल्या गाण्याला मात्र घोडं अडलंय, कारण त्यात कात्री आहे.

त्या कॅशियरला आणि त्या बाईला मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की आम्ही हे गाणं एकाच कॅसेटवरून शिकलो. ती कॅसेट टेपने चावली. मग धाकट्याने आईच्या शिवणाच्या कात्रीने चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. त्यात गाण्यातले चार ठोके गेले. आम्हाला काय माहीत, आम्हाला वाटलं गाणंच तसं आहे, मधेच दचकून उडी मारणारं. तसंच शिकलो, तसंच वाजवलं. त्या स्पर्धेत परीक्षक हसले तेव्हा कळलं की जगात आपण सोडून सगळे हे गाणं वेगळं वाजवतात. आणि तू माइकवरून त्यांना सांगितलंस, आमची कात्री आहे, आम्ही अशीच वाजवणार. तेव्हापासून त्या जागेचं नाव कात्री पडलं. बाई हसली. कॅशियर हसला नाही, त्याने वहीत लिहून घेतलं.

पण लिहून काय होतंय? तो पोरगा लहानपणापासून खरं गाणं ऐकत आलाय. तो ते चार ठोके धरून गातो, धाकटा ते सोडून वाजवतो, आणि चौकात दोन गाड्या आदळाव्यात तसे दोघं आदळतात. आवाजाशिवाय नुसती गिटार घेऊ म्हटलं, तर समोर तुझ्या जागी कोणी नसलं की धाकटा कात्रीपर्यंत येतो आणि थांबतो. बोटं तारांवर ठेवून बसून राहतो.

तू कात्री आली की हनुवटी वर करायचास. तो गिटारकडे बघायचाच नाही, तुझ्या हनुवटीकडे बघायचा. मी ड्रमच्या मागून करून बघितलं. त्याने वाजवणं थांबवून विचारलं, मान अवघडली का रे तुझी?

म्हणून लिहितोय. ये, दोन गाणी गा, जा. माझ्याकडे राहा. त्याच्या घरी राहू नकोस, तुलाच लाज वाटेल. या पत्राचं त्याला माहीत नाही.

ठोक्या


२ फेब्रुवारी

तरीही, भोंग्या,

मूग गिळून बसलास. मला वाटलंच होतं. मोठ्या वहिनीला फोन केला तर ती पत्र मिळालं म्हणाली आणि मग भाजी जळतेय म्हणून ठेवून दिला. तुमच्या घरात दुपारी चारला भाजी जळते हे मला नवीनच.

मागच्या पत्रात मी थोडी थाप मारली. ऑपरेशन छोटं नव्हतं. गाठ होती, जेवढी निघाली तेवढी काढली, उरलेली परत वाढते आहे. डॉक्टरीणबाई सरळ बोलणारी आहे. धाकट्या वहिनीला म्हणाली, लांबचे बेत करू नका. वहिनी उठली. बाहेर आली, पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिली आणि एकामागून एक कागदी पेले भरून ओतत बसली. मी तिच्या हातातून पेला काढून घेतला.

रेकॉर्डची घाई त्यासाठी आहे. डाव्या हाताची करंगळी आता तार दाबत नाही. तो म्हणतो थंडीने. थंडीबिंडी काही नाही.

आणि आणखी एक. त्याला चेहरे ओळखू येत नाहीत. आवाजावरून माणसं ओळखतो. मी गॅरेजमधून निघून तसाच जातो, तोंडाने काही न बोलता खोलीत शिरलो तर तो सावरून बसतो, पाहुणा आल्यासारखा. मग मी म्हणतो, काय रे मेल्या, आणि त्याचा चेहरा उजळतो. म्हणतो, ठोक्या होय. एकदा धाकटी वहिनी त्याच्या शेजारी बसून मुकाट्याने मोजे घडी करत होती. त्याने मला हळूच विचारलं, या बाई कोण? तिने ऐकलं. त्या दिवसापासून ती घरात बडबडत असते, स्वतःशी, भांड्यांशी, कोणाशीही. पूर्वी किती कमी बोलायची ती, तुला आठवत असेल.

आता तू जे वाचायला घाबरतोयस ते. त्याला भांडण आठवत नाही. साफ पुसलं गेलंय. तू त्या मोठ्या बँडबरोबर गेलास, 'गंज' घेऊन गेलास, रेकॉर्डवर त्याच्या गाण्याखाली स्वतःचं नाव छापलंस, आई गेली तेव्हाही तुम्ही दोघं एकाच घरात दोन खोल्यांत पाठ करून बसलात, यातलं काही त्याच्याजवळ नाही. प्रॅक्टिसला गिटार गळ्यात अडकवली की तो दाराकडे बघतो आणि विचारतो, दादा कुठे राहिला? मुका खाली मान घालतो. मी सांगतो, येतोय. बरं, म्हणतो आणि सूर लावायला घेतो. दर वेळी हेच.

तो विसरला, मी विसरलेलो नाही, एवढं ध्यानात ठेव. माझ्याच गॅरेजमध्ये, त्या उलट्या ठेवलेल्या बोनेटवर बसून त्याने 'गंज' बांधलं होतं. मी बघत होतो. एक ओळ सुचायला त्याला आख्खा उन्हाळा लागला.

परवाचं सांगतो, मग थांबतो. गॅरेजमध्ये रेडिओ चालू होता आणि तुझं 'गंज' लागलं. मी बंद करायला धावलो, पण हाताला ग्रीस होतं, बटण सरकलं. धाकटा खुर्चीत बसला होता. त्याने पूर्ण ऐकलं. म्हणाला, "दादाचं गाणं आहे. किती चांगलं केलंय त्याने. आपण हेही घेऊ." पाचवं तेच घ्यायचं मी मनात धरलं होतं, त्याला अजून सांगितलं नव्हतं. त्याने गिटार मागितली. पहिल्या फटक्यात वाजवलं सगळं, एक जागा न चुकता. मग माझ्याकडे बघून खूश होऊन म्हणतो, बघ, एकदा ऐकलं आणि हाताला आलं, अजून गेलेलो नाही मी कामातून.

मी बाहेर जाऊन एका चांगल्या दाराला हातोड्याने पोचा पाडला. मग दुपारभर तो काढत बसलो. गिऱ्हाईकाला काय सांगितलं ते विचारू नकोस.

तर आता रेकॉर्डवरची पाचही गाणी त्याच्या हिशेबाने दुसऱ्यांचीच आहेत. ये. तुझ्या आवाजाशिवाय तो तुला ओळखणार नाही, आणि ओळखलं तर राग धरणार नाही. यापेक्षा सोपं कोणाला मिळतं?

ठोक्या


२० फेब्रुवारी

भोंगा म्हणवणाऱ्या माणसाला,

करंगळीच्या शेजारचं बोट गेलं. दोन बोटं उरली आणि अंगठा. तीन गाणी झाली आहेत, नव्या पोराने गायली, चांगली गायली. आगीवालं आणि 'गंज' राहिलंय. स्टुडिओवाली बाई म्हणाली, तुकड्या-तुकड्यांनी घेऊन जोडू, कॉम्प्युटरवर सगळं होतं. धाकट्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, आमच्या घरात जोडाजोडी एकदाच झाली, आईने मला कात्रीवरून धुतला होता. सगळे हसले. मग गिटार वाजवायला घेतली, कात्रीपर्यंत आला, थांबला, दाराकडे बघितलं.

त्या पोराला हनुवटी वर करायला शिकवलं मी. आरशासमोर उभं करून शिकवलं. पण तो मनात ठोके मोजतो आणि मग करतो. मोजून केलेलं धाकट्याला कळतं. तो त्याला म्हणतो, तुम्ही छान गाता, पण दादाला येऊ दे.

माझ्या दोन पत्रांना तू साधी चिठ्ठी पाठवली नाहीस. पालथ्या घड्यावर पाणी. तुला भीती कसली वाटते, मी मारीन याची? मारलं असतं, खरं आहे. आता नाही मारणार, वेळ नाही.

तुझ्या भावाकडे आता दोन बोटं आहेत आणि तुझ्याकडे आख्खा गळा आहे. त्याच्या गाण्यावर मोठा झालेला गळा. त्याच्यासाठी दोन गाणी गाता येत नसतील, तर सडो तो गळा तुझा. लिहिलं. खोडणार नाही.

यापुढे पत्र नाही.


३ मार्च

'भोंगा' लिहिणार होतो. हात थांबला. काय म्हणू तुला, सांग.

मोठ्या वहिनीचं पत्र आलं. गॅरेजच्या पत्त्यावर आलं, इंजिन उघडं पडलं होतं समोर, मी उभ्यानेच वाचलं. मग बसलो. मुका आला होता, त्याच्या हातात दिलं. त्याने वाचून घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवलं, माझ्याजवळ नको म्हणून. बरं केलं त्याने.

तिने सगळं लिहिलंय. की दोन वर्षं झाली. की आधी आवाज बसला, तू काढे घेत राहिलास, मग तपासलं तेव्हा पूर्ण स्वरयंत्रच काढावं लागलं. की गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतोस, वर रुमाल बांधतोस. बोलण्याचं यंत्र दिलंय, ते तू खणात टाकलंस. पोरांच्या पाटीवर लिहून बोलतोस. तुम्ही कोणाला कळू दिलं नाही. फोन कापायचास म्हणजे काय करायचास ते आता कळतंय मला. उचलून बोलणार काय होतास?

माझी पत्रं तू तिला मोठ्याने वाचायला लावतोस, असंही लिहिलंय. शेवटचं तिने वाचलं नाही. तू तिच्या हातातून घेऊन वाचलंस.

मी ते वाक्य लिहिलं. खोडणार नाही असंही लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, जन्माची खोड आहे माझी, तुला माहीत आहे. माफी मागायची मला सवय नाही. मागतोय.

वहिनी म्हणते, तू पाटीवर लिहिलंस, तो मला आवाजावरून ओळखणार, मग मी काय घेऊन जाऊ? लिहून पुसलंस आणि दिवसभर बाहेरच्या खोलीत बसलास.

मी तीन दिवस विचार करतोय याचा. मोठा विचार करणारा माणूस नाही मी, पत्र्याला पोचा कुठे पडलाय ते बघतो आणि मागून ठोकतो. तर ऐक. तो तुला ओळखणार नाही. खोटं सांगून तुला बोलावणार नाही मी, एकदा थाप मारून बघितली. तो तुला पाहुणा समजेल. सहन होणार नसेल तर नको येऊस, मी काही म्हणणार नाही. पण त्याला आगीवालं पूर्ण वाजवायचंय. दर वेळी तिथे अडकतो ना, तेव्हा हल्ली त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. का ते त्याला सांगता येत नाही. बोट उरलंय तोवर एकदा, एकदाच, त्याला त्या जागेच्या पलीकडे न्यायचंय. आवाज मला नकोच आहे. आवाज त्या कॅशियरकडे आहे.

तू हनुवटी घेऊन ये.

रविवारी स्टुडिओ सकाळी मोकळा आहे, खालचं दुकान बंद असतं, पॉलिशचा वास नसतो. तुझ्या श्वासाला ते बरं पडेल. मुका स्टँडवर येऊन थांबेल. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची अडचण नाही.

ठोक्या


१२ मार्च

दादा,

हेच म्हणतो आता. वयाने तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनीच मोठा आहेस, पण त्याच्याबरोबर बोलून बोलून तोंडाला हेच बसलं.

तू रविवारी कोणाच्याही घरी न येता दुपारच्याच गाडीने गेलास. मुका म्हणाला, म्हणजे मान हलवून म्हणाला, की गाडी सुटेपर्यंत तू खिडकीत बसून त्याचा हात धरून ठेवला होतास. धाकटी वहिनी जेवायला वाढून बसली होती. तिला वाईट वाटलं, राग नाही आला.

मला झोपेत ते दिसतं. तू दारात आलास आणि तो अदबीने उठून उभा राहिला. या ना, बसा, म्हणाला. तुला, सख्ख्या भावाला, अहो-जाहो. मी न राहवून म्हटलं, अरे गाढवा, हाच तुझा दादा. तो माझ्याकडे बघून कसंनुसं हसला, कोणी वाईट थट्टा केल्यावर आपण हसतो तसं. आणि मग तू खिशातून ते यंत्र काढलंस. तू ते आणलं असशील असं मला वाटलं नव्हतं. गळ्याला लावलंस आणि म्हणालास, मी. तेवढंच. तो वळून स्टुडिओवाल्या बाईला म्हणाला, ताई, गिटारच्या अँपमध्ये काहीतरी घरघर येतेय, बघता का जरा?

त्याच्यावर राग धरू नकोस. आयुष्यभर कुठेही घरघर झाली की तो आधी अँपच बघायचा. बाई बिचारी खरंच वायर तपासायला गेली, तोंड आमच्याकडे नको म्हणून.

तू यंत्र खिशात टाकलंस आणि माइकसमोर जाऊन उभा राहिलास. तिथून परत गेला असतास तरी मी तुला दोष दिला नसता.

आता तू जे ऐकलं नाहीस ते सांगतो. बाईने आगीवालं गाणं लावून दाखवलं. तुझ्यासमोरचा माइक तिने चालूच ठेवला होता. गिटार आहे, मुका आहे, मी आहे, आणि जिथे गायचं तिथे तुझा श्वास आहे. ओळीला ओळ, बरोबर जागेवर. तू ओठ हलवत होतास तेव्हा त्या भोकातून हवा आत-बाहेर होत होती, रुमाल असूनही सगळी आली. कात्रीच्या आधी तू मोठा श्वास घेतलास. मग चार ठोके गायब, आणि आम्ही चौघं पलीकडे, एकदम, एकही मागे न राहता. धाकट्याने दोन बोटांनी जे वाजवलं ते दहा बोटांनी कोणी वाजवणार नाही. 'गंज'मध्ये त्याची पकड सुटली दोनदा, ते तसंच ठेवतोय.

बाईने विचारलं, श्वास साफ करून टाकू का, त्यावर या तुमच्या नव्या गायकाचा आवाज बसवता येईल. तिने कॅशियरला हेडफोन दिले. पोराने डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. मला म्हणाला, "काका, तिथे आधीच कोणीतरी गातंय." मी त्या पोराला उगाच नावं ठेवत होतो. सोन्यासारखा आहे.

नावाचं विचारायचं होतं, पण तू जिन्यात पाटीवर आपणहून लिहिलंस, 'गंज'खाली त्याचं नाव घाला. लिहून पुसलंस, परत लिहिलंस. पुसलंस का ते मी विचारत नाही. शेवटी राहिलं ते घालतोय.

ठोक्या


१८ जून

दादा,

रेकॉर्ड छापून आली. सोबत दोन पाठवतोय, एक वहिनीला. कव्हरवर कात्रीचं चित्र आहे, आईच्या त्या शिवणाच्या कात्रीचं. धाकट्या वहिनीने घरातून शोधून आणून दिली, एक पातं गंजलेलं होतं, तसंच काढलं. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं आहेत. आगीवाल्या गाण्यापुढे गायक म्हणून तुझं.

त्याने नाही बघितली. एप्रिलपासून तो कोणालाच ओळखत नव्हता, आवाजावरूनही नाही. शेवटी शेवटी वहिनीची बडबड चालू असायची आणि तो भिंतीकडे बघत असायचा. ती थांबली नाही मात्र. गेला तेव्हाही ती त्याला काहीतरी सांगतच होती, दूधवाला उशिरा आला असलं काहीतरी. नर्सने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं तिला.

त्या दिवशी तू स्मशानात आलास, मागे झाडाखाली उभा राहिलास. लोकांना वाटलं, गळा दुखतोय म्हणून रुमाल आहे. मी तुझ्याजवळ आलो नाही. आणि एक गोष्ट माझ्या पोटात होती, ती त्या गर्दीत सांगण्यासारखी नव्हती.

त्या रविवारी गाणं संपलं आणि तू जिन्यात गेलास, गळ्यातली नळी साफ करायला. दार लोटलेलं होतं. धाकटा गिटार मांडीवर घेऊन बसला होता, घामाघूम, लहान पोरासारखा खूश. मला जवळ बोलावलं. म्हणाला, हे कोण गृहस्थ रे? कात्री कशी माहीत यांना? मी म्हटलं, असेल ऐकली कुठेतरी. तो म्हणाला, छे, ऐकून येत नाही ती, ती फक्त दादाला येते.

मग तो बराच वेळ दाराकडे बघत बसला. मला वाटलं आता ओळखतोय. मी जिन्याकडे वळलोसुद्धा, तुला हाक मारायला. त्याने माझी बाही धरली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादाला यातलं काही सांगू नकोस हं. त्याला वाटेल, आपण त्याची जागा दुसऱ्याला दिली."

मी म्हटलं, नाही सांगणार.

तीन महिने नाही सांगितलं. आज सांगतोय.

ठोक्या